गिरण्यांच्या आधीचे बोल्टन



काही गावे त्यांच्या धंद्यावरून ओळखली जातात. पैठण म्हटले की पैठणी आठवते. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी म्हटले की मागांचा खडखडाट कानात घुमू लागतो. इंग्लंडच्या वायव्य भागात, मँचेस्टर शहरापासून सुमारे १६ किलोमीटर अंतरावर बोल्टन नावाचे असेच एक गाव आहे. त्याचे नाव काढले की जाणकारांना उंच धुराडी आणि कापसाच्या गिरण्या आठवतात. ते खोटेही नाही. इ. स. १९२९ मध्ये या एका गावात कापसाच्या २१६ गिरण्या होत्या. शिवाय कापड धुण्याचे आणि रंगविण्याचे २६ कारखाने होते. सूत कातण्याच्या धंद्यात त्या काळी जगात मोजक्याच गावांची बोल्टनशी बरोबरी होत असे.

मग बोल्टन गिरण्यांमुळेच जन्माला आले काय? तसे मुळीच नाही. गिरण्यांचे वैभव फार तर दीडशे-दोनशे वर्षांचे होते. गाव त्याहून कितीतरी जुने आहे. गिरण्या आल्या, धूर आला आणि गेला. १९८० च्या सुमारास तेथे सूत कातण्याचे काम जवळजवळ थांबले. गाव मात्र आहे तेथेच आहे. या पाठात मला तुम्हांला त्या धुराच्या आधीच्या बोल्टनमध्ये घेऊन जायचे आहे. त्याचे कारण तुमच्या घरातील मागाशी जोडलेले आहे. ते पुढे येईलच.

माझी खाला बोल्टनला राहते. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले होते. मी मालेगावच्या विणकर कुटुंबातली. आमच्या घरात चार पिढ्या माग चालला. त्यामुळे तेथील गिरण्या पाहण्याची मला मोठी उत्सुकता होती. पण खाला म्हणाली, "बेटा, गिरण्या काय, कुठेही दिसतील. आधी जुनी वस्ती पाहा. गिरणी इथे का आली, ते तुला तिथे कळेल." खालाचा सल्ला मी मानला आणि आम्ही दोघी पायी निघालो.

जुने गाव पाहायचे, तर सुरुवात नावापासून करावी. 'बोल्टन' हे नाव जुन्या इंग्रजी भाषेतील दोन शब्दांपासून बनले आहे. पहिल्याचा अर्थ राहते घर आणि दुसऱ्याचा अर्थ कुंपणाच्या आतील वस्ती. म्हणजे बोल्टन याचा सरळ अर्थ 'घरांची वस्ती'. किती साधे नाव! राजाचे नाव नाही, देवाचे नाव नाही. इ. स. ११८५ च्या कागदात हे नाव 'बोएल्टन' असे आढळते आणि १२१२ मध्ये 'बोथेल्टन' असे. पुढे 'माळरानातील बोल्टन' असेही त्याला म्हणू लागले, कारण गावाच्या सभोवती उघडी, वारा झेलणारी, गवताळ माळराने आहेत.

या माळरानांवर माणूस नावाच्याही आधीपासून राहत होता. बोल्टनच्या उत्तरेला चीटम क्लोज नावाच्या उंचवट्यावर दगडांचे एक प्राचीन वर्तुळ आहे. विंटर हिल नावाच्या टेकडीवर मृतांना पुरल्याचे प्राचीन उंचवटे सापडले आहेत. हे सारे कांस्ययुगातील, म्हणजे माणूस तांबे आणि कथील वितळवून हत्यारे करू लागला त्या काळातील आहे. नंतर रोमन लोक इंग्लंडमध्ये आले. त्यांचा मँचेस्टरहून रिबचेस्टरकडे जाणारा लष्करी रस्ता याच भागातून गेला होता.

आता या भागाची हवा पाहा. पश्चिमेकडून समुद्रावरचा ओला वारा येतो आणि पेनाइन नावाच्या डोंगररांगेला अडतो. त्यामुळे तेथे पाऊस पुष्कळ पडतो. सह्याद्रीला अडून कोकणात पाऊस पडतो, तसाच हा प्रकार आहे. पाऊस पुष्कळ म्हणून ओढे पुष्कळ, आणि हवा नेहमी दमट. शेतीला ही जमीन फारशी चांगली नव्हती. मेंढ्या मात्र चरत. कोरड्या हवेत धागा जास्त तुटतो, हे ज्यांच्या घरी माग आहे त्यांना सांगायला नको. बोल्टनच्या दमट हवेत धागा टिकत असे. ओढ्यांचे पाणी कापड धुण्याला आणि पुढे चाके फिरविण्याला उपयोगी पडले. म्हणजे गिरणीची तयारी निसर्गाने शेकडो वर्षे आधीच करून ठेवली होती.

खालाने मला प्रथम गावाच्या जुन्या चौकात नेले. तेथे चार रस्ते एकत्र येतात. त्यांतील तिघांची नावे चर्चगेट, डीन्सगेट आणि ब्रॅडशॉगेट अशी आहेत. 'गेट' हा शब्द वाचून तुम्ही म्हणाल, तेथे गावाची वेस असेल, मोठा दरवाजा असेल. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिल्ली दरवाजा आणि भडकल दरवाजा आहेत, तसे काही असेल. पण येथे दरवाजा कधीच नव्हता. हा 'गेट' इंग्रजीतील नेहमीचा गेट नव्हे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून उत्तरेचे लोक इंग्लंडच्या या भागात येऊन स्थायिक झाले. त्यांच्या भाषेत रस्त्याला 'गाता' म्हणत. त्या 'गाता'चाच पुढे 'गेट' झाला. म्हणून चर्चगेट म्हणजे चर्चचा दरवाजा नव्हे, तर चर्चकडे जाणारा रस्ता.

भाषेची ही गंमत लक्षात ठेवा. माणसे येतात, राहतात, मिसळून जातात. त्यांचे राज्य जाते, पोशाख बदलतो. पण त्यांचा एखादा शब्द रस्त्याच्या पाटीवर हजार वर्षे टिकून राहतो. आपल्या मराठीत बाजार, दुकान, इमारत, जमीन, कागद हे शब्द असेच मुक्कामाला आले आणि घरचे झाले. मराठी शिकताना हे शब्द भेटले, की तुम्हांलाही आपल्याच मोहल्ल्यातील कोणी भेटल्यासारखे वाटत असेल.

याच चर्चगेटवर बोल्टनचा बाजार भरू लागला. १४ डिसेंबर १२५१ रोजी इंग्लंडचा राजा तिसरा हेन्री याने येथे बाजार भरविण्याची सनद दिली. पुढे १४ जानेवारी १२५३ रोजी त्या मुलुखाचा सरदार विल्यम द फेरर्स, जो डर्बीचा अर्ल होता, त्याने दुसरी सनद दिली. तिच्यामुळे बोल्टनला बाजारपेठेचे आणि नगराचे हक्क मिळाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबट, अरुंद असे भूखंड आखले गेले. पुढे दुकान, मागे घर, त्याच्याही मागे परसू. अशी मांडणी तुम्ही आपल्या जुन्या पेठांमध्ये पाहिली असेल.

चौकात एक क्रूस उभा आहे. तो आजचा क्रूस १९०९ साली बसविलेला आहे, पण बाजाराचे ठिकाण जुनेच आहे. जवळच एक अतिशय जुनी सराई आहे. तिच्या नावाचा अर्थ 'माणूस आणि लांब दांड्याचा विळा' असा होतो. आजची इमारत १६३६ मध्ये पुन्हा बांधलेली आहे. मात्र तिच्या खालचे दगडी कमानीचे तळघर त्याहून जुने आहे. गावातील सर्वांत जुन्या जागांपैकी ही एक.

या चौकाने रक्तही पाहिले आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. बोल्टनचे लोक पार्लमेंटच्या बाजूचे होते. २८ मे १६४४ रोजी राजाचा पुतण्या... नव्हे, इंग्रजीत नात्याचा जो शब्द आहे त्याचा मराठी अर्थ पाहावा लागतो. राजाच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचा, राजपुत्र रूपर्ट याने भर पावसात गावावर हल्ला केला. पुष्कळ माणसे मारली गेली. त्यांत हत्यार न धरलेले साधे लोकही होते. या हल्ल्यात डर्बीचा सातवा अर्ल जेम्स स्टॅनली हाही होता. पुढे काळ फिरला. राजाचा पक्ष हरला, अर्ल पकडला गेला आणि १५ ऑक्टोबर १६५१ रोजी याच चर्चगेटवर, त्या जुन्या सराईजवळ, त्याचा शिरच्छेद करण्यात आला. बाजारात येणारे-जाणारे आज तेथून सहज चालत जातात.

चर्चगेटच्या टोकाला, क्रोल नदीच्या वरच्या बाजूला सेंट पीटर चर्च आहे. आजची इमारत १८६७ ते १८७१ या काळात बांधली गेली. पण त्या जागेवरचे हे चौथे चर्च आहे. जुनी इमारत पाडली तेव्हा पायाजवळ कोरीव दगड सापडले. त्यांत नॉर्मन राजांच्याही आधीच्या काळातील एका क्रूसाचे भाग होते. ते दगड जपून ठेवले आहेत. म्हणजे कागदावर गावाचे नाव येण्यापूर्वीही लोक येथे प्रार्थनेसाठी जमत होते.

आता धाग्याकडे वळू.

इ. स. १३३७ मध्ये समुद्रापलीकडच्या फ्लँडर्स प्रदेशातून, म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बाजूने, काही विणकर बोल्टनला येऊन राहिले. त्यांनी येथे लोकरीचे कापड विणण्याची कला आणली. पुढे सतराव्या शतकात त्याच बाजूने आणखी विणकर आले. धर्माच्या नावाखाली होणाऱ्या छळामुळे त्यांना घर सोडावे लागले होते. त्यांनी ताण्याला जवसाच्या झाडापासून केलेला धागा आणि बाण्याला कापसाचा धागा वापरून एक जाडेभरडे कापड विणायला सुरुवात केली. या भागात कापूस होत नाही. तो तुर्कस्तान आणि सायप्रसच्या बाजूने जहाजांतून येत असे. कापसाला इंग्रजीत 'कॉटन' म्हणतात, आणि तो शब्दसुद्धा अरबी 'कुत्न' या शब्दापासून आला आहे.

येथे मी थोडी थांबले. बोल्टनला ज्यांनी कापड शिकविले ते बोल्टनचे नव्हते. ते घरदार सोडून आलेले परके विणकर होते. आमच्या दादाजानांचे, म्हणजे वडिलांच्या वडिलांचे, वाडवडील उत्तर हिंदुस्थानातून मालेगावला आले. १८५७ च्या धामधुमीनंतर आणि दुष्काळांच्या दिवसांत अनेक मोमिन विणकर कुटुंबे अशीच मालेगावला, भिवंडीला आली. त्यांच्याजवळ पैसा नव्हता. होता तो हातातला हुन्नर. हुन्नर ओझ्यासारखा पाठीवर घ्यावा लागत नाही आणि वाटेत कोणी लुटूनही नेत नाही. फ्लँडर्सच्या विणकरांनी बोल्टनला काय दिले, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही फरवुड फोल्ड पाहायला गेलो. लँकेशायरच्या बोलीत 'फोल्ड' म्हणजे एका अंगणाभोवती असलेली चार-सहा घरांची वस्ती. आपण वाडी म्हणतो, तशी. सगळीकडे नवी घरे झाली आहेत, पण ही लहानशी दगडी वाडी तशीच राखली आहे. येथील एका बैठ्या घरात ३ डिसेंबर १७५३ रोजी सॅम्युअल क्रॉम्प्टन याचा जन्म झाला. हे नाव तुम्ही लक्षात ठेवावे, अशी माझी इच्छा आहे.

सॅम्युअल लहान असतानाच त्याचे कुटुंब जवळच्या एका जुन्या वाड्यात भाड्याने राहायला गेले. त्या वाड्याच्या नावाचा अर्थ 'रानातला वाडा' असा होतो. ईगली नावाच्या ओढ्याच्या वर तो उभा आहे. लाकडी चौकटींची, काळ्या-पांढऱ्या नक्षीची जुनी बाजू सोळाव्या शतकातील आहे. १५९१ मध्ये आणि पुन्हा १६४८ मध्ये त्याला दगडी भाग जोडले गेले. एके काळी तो श्रीमंतांचा वाडा होता. क्रॉम्प्टन कुटुंब तेथे गेले तेव्हा त्याची रया गेली होती.

तेथे वडील वारले. आईवर सगळा भार आला. ती कडक शिस्तीची होती. रोज अमुक इतके सूत कातून झालेच पाहिजे, असा तिचा नियम होता. सॅम्युअल ज्या यंत्रावर कातत असे त्याला 'जेनी' म्हणत. ते जेम्स हारग्रीव्ह्ज याने तयार केले होते. त्यावर एकाच वेळी अनेक चात्या फिरत, पण सूत कच्चे निघे आणि सारखे तुटे. तुटलेला धागा जोडायचा, आईचे बोलणे ऐकायचे आणि पुन्हा कातायचे. तुमच्यापैकी जे शाळा सुटल्यावर घरी कांड्या भरतात, त्यांना या मुलाचा जीव कसा मेटाकुटीला येत असेल ते सांगायला नको.

दुसरेही एक यंत्र त्या काळी निघाले होते. ते रिचर्ड आर्कराइट याचे. हा आर्कराइट मूळचा प्रेस्टन गावचा. पण बोल्टनच्या चर्चगेटवर त्याचे न्हाव्याचे दुकान होते. त्याच्या यंत्रात रूळ होते आणि ते पाण्याच्या जोरावर चाले. त्याचे सूत पक्के असे, पण जाडे.

सूत कातणे म्हणजे काय? कापसाचा पेळू ओढून बारीक करायचा आणि त्याला पीळ द्यायचा. ओढ जास्त झाली तर धागा तुटतो. पीळ जास्त झाला तर धागा कडक होतो. क्रॉम्प्टनने दोन्ही यंत्रांतील चांगले ते घेतले. रुळांमधून पेळू बारीक होऊन बाहेर येई. चात्या एका गाड्यावर बसविलेल्या असत. तो गाडा हळूहळू मागे सरके आणि मागे सरकताना धागा ताणला जाऊन त्याला पीळ बसे. मग गाडा पुढे येई आणि तयार सूत चात्यांवर गुंडाळले जाई. आपली आजी चरख्यावर कातताना हात मागे नेते आणि पुढे आणते, अगदी तसेच. फरक इतकाच, की हे यंत्र एकाच वेळी अनेक आजींचे काम करी. दोन यंत्रांच्या संकरातून ते झाले म्हणून लोकांनी त्याला 'म्यूल' म्हटले. म्यूल म्हणजे खेचर.

हे काम त्याने रात्री जागून केले. त्याला सुमारे पाच वर्षे लागली. हत्यारांसाठी पैसे हवेत म्हणून तो बोल्टनच्या नाटकगृहात व्हायोलिन वाजवी. १७७९ मध्ये यंत्र तयार झाले. त्याच वर्षी लँकेशायरमध्ये दंगे उसळले. यंत्रामुळे आपली रोजी जाणार, या भीतीने लोक यंत्रे फोडत फिरू लागले. क्रॉम्प्टनने आपले यंत्र सुटे केले आणि वाड्याच्या माळ्यावर लपविले, असे सांगतात. तो माळा मी पाहिला, तेव्हा मला दोघांचेही दुःख कळले. रात्री जागून यंत्र करणाऱ्याचे आणि ते फोडायला निघालेल्या उपाशी कारागिराचेही.

क्रॉम्प्टनचे सूत इतके बारीक आणि पक्के असे, की त्यापासून मलमल विणता येऊ लागली. तोवर उत्तम मलमल म्हटली की ती हिंदुस्थानची, आणि त्यातही ढाक्याची. म्हणून बोल्टनच्या लोकांनी या यंत्राला 'मलमलचे चाक' असेही नाव दिले होते. इतके चांगले सूत हा माणूस कसे कातो, हे पाहायला लोक वाड्याभोवती गर्दी करू लागले. काहींनी तर शिड्या लावून खिडकीतून डोकावले, असे म्हणतात.

पेटंट घ्यायला त्याच्याजवळ पैसा नव्हता. पेटंट म्हणजे आपल्या शोधावरचा कायदेशीर हक्क. शेवटी कारखानदारांनी वर्गणी देण्याचे कबूल केले आणि त्याने यंत्र सर्वांना खुले केले. यंत्र हाती आल्यावर पुष्कळ जण शब्दाला जागले नाहीत. त्याच्या पदरात सुमारे ६० पौंड पडले. वर्गात मी हे सांगते तेव्हा मुले हमखास विचारतात, "टीचर, त्याने आधी पैसे का नाही मोजून घेतले?" धंद्याच्या गावातील मुले ती! मी त्यांना सांगते, की जो स्वतः शब्द पाळतो त्याला दुसऱ्याचा शब्द खराच वाटतो. मुलांना हे उत्तर पुरेसे वाटत नाही. खरे सांगायचे तर मलाही वाटत नाही.

१८११ च्या सुमारास क्रॉम्प्टनने स्वतः गावोगाव फिरून मोजणी केली. त्याच्या पद्धतीच्या यंत्रांवर ४० लाखांहून अधिक चात्या फिरत होत्या. १८१२ मध्ये पार्लमेंटने त्याला ५००० पौंड दिले. त्याच्या शोधावर देशाने जे कमावले त्याच्यापुढे ही रक्कम फारच लहान होती. न्हाव्याचे दुकान चालविणारा आर्कराइट मोठा धनवान होऊन 'सर' झाला. क्रॉम्प्टन मात्र २६ जून १८२७ रोजी बोल्टनमध्येच गरिबीत वारला. सेंट पीटर चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. १८६२ मध्ये गावाने त्याचा पुतळा उभारला.

आता तो धागा आपल्या घरापर्यंत येतो कसा, ते पाहा. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरचे यंत्राचे सूत आणि कापड जहाजे भरभरून हिंदुस्थानात येऊ लागले. ते स्वस्त होते. आपल्याकडे घरोघरी चरखा चालविणाऱ्या बायांची कमाई बुडाली. अनेक विणकरांचे माग बंद पडले. आमचे वाडवडील उत्तरेकडून निघाले त्यामागच्या कारणांमध्ये हेही एक होते. पुढे १८५६ मध्ये मुंबईत ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी सुरू झाली. मग एकामागून एक गिरण्या निघाल्या. त्यांतील यंत्रे लँकेशायरमध्ये घडलेली असत. विसाव्या शतकात गिरण्यांनी काढून टाकलेले जुने यंत्रमाग मालेगाव-भिवंडीच्या विणकरांनी विकत घेतले आणि आपल्या घरात बसविले. ज्या मुलुखाच्या यंत्राने आजोबांच्या हातचे काम काढून घेतले, त्याच मुलुखाच्या यंत्रावर नातवाचे घर चालू लागले.

गोष्ट येथेच संपत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर बोल्टनच्या गिरण्यांना मजूर मिळेनात. तेव्हा १९५० आणि १९६० च्या दशकांत गुजरातमधून आणि पाकिस्तानातून माणसे तेथे गेली आणि रात्रपाळीला उभी राहिली. माझ्या खालूंचे वडील त्यांपैकीच एक. पुढे गिरण्या बंद पडल्या, माणसे तेथेच राहिली. आता त्यांची नातवंडे चर्चगेटवरून शाळेत जातात. १३३७ मध्ये फ्लँडर्सचे विणकर आले होते, १९६० मध्ये आपल्याकडचे गेले. जुन्या वस्तीत हिंडताना वाटते, की या गावाने प्रत्येक वेळी बाहेरून आलेल्या हातांनाच आपला धागा दिला.

रानातला तो वाडा मात्र मधल्या काळात पार मोडकळीस आला होता. १८९९ मध्ये विल्यम लीव्हर या बोल्टनमध्ये जन्मलेल्या साबण-कारखानदाराने तो विकत घेऊन गावाला दिला. १९०२ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. वाडा कोणा सरदाराचा म्हणून राखला गेला नाही. तेथे एका विधवेचा मुलगा सूत कातत बसे, म्हणून तो राखला गेला. बोल्टनमधील ही गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या गावांची गोष्ट अशी कोणी लिहून ठेवली आहे काय? आपल्या गल्लीत पहिला माग कोणी बसविला? तो कोठून आणला? आपल्या मोहल्ल्याला ते नाव कसे पडले? जुनी विहीर कोणी खोदली? आज जुने माग भंगारात विकले जात आहेत आणि त्यांच्याबरोबर ही उत्तरेही चालली आहेत. ती फक्त म्हाताऱ्या माणसांजवळ आहेत. सनद नसली तरी चालेल, पुतळा नसला तरी चालेल. पण नाव तरी राहायला हवे.

म्हणून या रविवारी एक काम करा. घरातील किंवा शेजारच्या सर्वांत वयस्क व्यक्तीजवळ बसा. त्यांना वरील प्रश्न विचारा. त्या उर्दूत सांगतील. तुम्ही ते वहीत मराठीत लिहा. शब्द अडला तर उर्दू शब्द तसाच राहू द्या. मराठी त्याला सांभाळून घेईल. आणि वहीच्या वर सांगणाऱ्याचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका.